मांडवात माणसं राहतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी सहलींचं पान वाचलं. मध्य प्रदेशातल्या मांडवला, म्हणजे मांडूला, त्यात मानाची जागा होती. जहाज महाल, रूपमतीचा मंडप, धुकं, गरम भुट्टे, सगळं होतं आणि छायाचित्रंही सुरेख होती. पण त्या डोंगरावर एक नांदतं गाव आहे, हे पूर्ण पान वाचूनही कुणाला कळलं नसतं. माझं माहेर धारचं. पुढे इंदुरात शाळेत भूगोल शिकवत असताना मुलींची सहल मी हट्टाने मांडवलाच न्यायची. तेव्हा हे लिहिल्याशिवाय राहवेना.

मांडव विंध्याच्या अगदी काठावर आहे. काकडा खोह या खोल दरीने ते माळव्याच्या पठारापासून तुटलेलं आहे आणि दक्षिणेचा कडा थेट खाली नर्मदेकाठच्या निमाडात उतरतो. उंची समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वर, आणि माथ्यावर नदी नाही. पडेल तो पाऊस अडवायचा आणि तोच पुढच्या मृगापर्यंत पुरवायचा, दुसरा इलाज नाही. माळव्याच्या सुलतानांनी राजधानी इथे आणली, तेव्हा त्यांनाही हाच हिशेब करावा लागला. मुंज तलाव, कपूर तलाव, सागर तलाव, उजाली आणि अंधेरी बावडी या पायऱ्यांच्या विहिरी, सगळी त्याच हिशेबाची कामं. जहाज महालावर दगडात कोरलेली एक वेटोळी पन्हळ आहे. मुलींना मी तिच्याशी उभं करायची आणि विचारायची, की सरळ पन्हळ सोपी असताना एवढे वळसे कशाला? पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ वाटेतच बसतो, हे कुणीतरी नेमकं ओळखायचीच.

एवढं करूनही पाणी कमी पडल्याची नोंद इतिहासात आहे. १६१७ मध्ये जहांगीर बादशहा सगळ्या लवाजम्यासह काही महिने मांडवला राहिला. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो तेव्हा तिथेच होता. पाण्यावाचून झालेले हाल त्याने रोजनिशीत लिहून ठेवले आहेत. डोंगर पूर्वीइतकाच होता, वर माणसं मात्र एकदम वाढली होती. श्रावणातल्या रविवारी आपल्या गाड्यांची रांग आलमगीर दरवाजाशी खोळंबलेली पाहते, तेव्हा मला हीच नोंद आठवते. त्या दिवसांत तलाव भरलेले असतात हे खरं. पण काठावर टाकलेल्या पत्रावळी, वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या पुढच्या सरीबरोबर तलावात उतरतात, आणि वैशाखात डोक्यावर हंडे घेऊन फिरणं गावातल्या बायकांच्या वाट्याला येतं. २०१७ पासून इंदूरने स्वच्छतेत सलग पहिला नंबर राखला. ओला-सुका कचरा आपल्या पोराटोरांनासुद्धा कळतो. ती शिस्त शंभर किलोमीटर दूर गेल्यावर का सुटावी?

गावात मुख्यतः भिल आणि भिलाला या आदिवासी समाजांची कुटुंबं आहेत. मक्याची शेती, बकऱ्या, कौलारू घरं, आणि होळीआधी भगोरियाच्या आदिवासी जत्रेची धामधूम. जुन्या वास्तू त्यांच्या रोजच्या वहिवाटीतल्या आहेत. अकबराच्या काळात बांधलेल्या नीलकंठ महालात आज महादेवाची पूजा होते. नर्मदा परिक्रमेला निघालेले आपले मराठी लोक डोंगर चढून रेवाकुंडावर येतात आणि चतुर्भुज रामाच्या देवळात टेकतात. धारचे राजे असलेल्या पवार घराण्यामुळे मराठी माणसाचं मांडवशी नातं अठराव्या शतकापासूनचं आहे.

रस्त्याकडेला भिल बायका मांडवची चिंच घेऊन बसतात. हीच खुरासानी चिंच, म्हणजे गोरखचिंच किंवा बाओबाब; आपली नेहमीची चिंच नव्हे. झाड मूळचं आफ्रिकेतलं, बुंधा प्रचंड फुगीर, बरेच महिने निष्पर्ण. फळाच्या कवचावर मखमली लव असते, फोडलं की आत पांढरा, खडूसारखा कोरडा गर निघतो, आणि जिभेवर ठेवला की आंबट होऊन विरतो. काही वर्षांपूर्वी धार जिल्ह्यातली ही झाडं मुळापासून उपटून हैदराबादकडे न्यायला सुरुवात झाली, तेव्हा विरोधाला गावकरीच उभे राहिले. या बायकांशी आपली मंडळी दहा-पाच रुपयांसाठी घासाघीस करतात, फोटो मात्र न विचारता काढतात. याचं मला फार वाईट वाटतं. पावसापासून आडोसा म्हणून त्यांच्या डोक्यावर साधं छप्परही नसतं.

माझं म्हणणं एवढंच, की पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी बाहेरच्या गाड्या वेशीच्या अलीकडेच थांबवाव्यात आणि पुढे गावातल्याच लोकांच्या गाड्या भाड्याने चालाव्यात. त्यातून चार पैसे गावात राहतील. चिंच-सीताफळ विकणाऱ्या बायकांना पक्कं छप्पर मिळावं. त्यासाठी लागणारा खर्च वाहनतळाच्या शुल्कातून सहज निघेल. आणि आपण पुढच्या वर्षी हे पान कराल तेव्हा हॉटेलांच्या माहितीबरोबर दोन ओळी गावासाठीही छापाव्यात: कचरा आपल्याच गाडीतून परत आणा, आणि पानांत दाबून भाजलेले मक्याच्या पिठाचे पानिये व डाळ खायची तर गावातल्या घरगुती चुलीवरची खा.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
रामबाग, इंदूर