जपानमधला एप्रिल: शाळेत रुजू होणाऱ्या लेकीस

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

जपानच्या शाळेत इंग्रजी शिकवायला तू रुजू होतेस ती नेमकी वर्षाच्या सुरुवातीला. जपानचं शालेय वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. शिक्षकांच्या बदल्याही याच सुमारास होतात, त्यामुळे शिक्षकखोलीतली बरीच मंडळी तुझ्याइतकीच नवी असतील. कोण कुठे बसतं याचा नकाशा पहिल्याच दिवशी मागून घे आणि प्रत्येक आडनावापुढे त्याचा उच्चार देवनागरीत लिहून ठेव. हाक मारताना आडनावाला 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी किंवा बाई, जोडायचं. रोजच्या अडचणी मुख्याध्यापकांकडे नेऊ नकोस, उपमुख्याध्यापकांना विचार. शिक्षकखोलीचा कारभार तेच बघतात.

पहिल्या आठवड्यात शिकवणं जवळजवळ नसतंच. आधी सत्रारंभ, मग नव्या मुलांचा प्रवेश समारंभ. त्याला काळा किंवा गडद निळा सूट घाल, त्यात चूक होत नाही. शाळेच्या आत वापरायचे बूट वेगळे लागतात: रबरी तळाचे, बिनटाचेचे, पटकन चढवता येतील असे. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपातांवर दिवस काढू नकोस, जिना उतरताना त्या पायातून निसटतात. पुढे आरोग्य तपासणी, सहावीची आणि मिडल स्कूलच्या तिसरीची (म्हणजे आपल्या नववीची) राष्ट्रीय चाचणी, काही ठिकाणी शिक्षकांच्या गृहभेटी, असं काही ना काही चालू असतं आणि वेळापत्रक सारखं हलतं. रोज सकाळी शिक्षकखोलीतला फळा वाचायची सवय लाव. तासाची तयारी करून गेलीस आणि तासच रद्द निघाला, असं एप्रिलमध्ये वरचेवर होतं. तो तुझा अपमान नव्हे.

सरकारी कामाचं थोडक्यात: घर मिळालं की १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदव, परदेशी रहिवाशांना मिळणारं रेसिडेन्स कार्ड बरोबर ने. गॅस जोडायला माणूस घरी येतो आणि त्या वेळी तू हजर असावं लागतं, म्हणून वेळ आधीच ठरव. पहिला पगार पुष्कळ ठिकाणी पुढच्या महिन्यात होतो, तेव्हा दोन महिन्यांचा खर्च हाताशी असू दे. रहिवासी कर आदल्या वर्षाच्या कमाईवर बसतो, त्यामुळे पहिल्या वर्षी तो दिसत नाही आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून अचानक सुरू होतो. तेवढे पैसे बाजूला टाकत जा.

आता वर्गाकडे येते, कारण खरं महत्त्व त्यालाच आहे. प्राथमिक शाळेत तास ४५ मिनिटांचा, मिडल स्कूलमध्ये ५० मिनिटांचा. तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास इंग्रजी असतं, पाचवी-सहावीला ७०. तिसरीच्या मुलांना आठवड्यातून जेमतेम एक तास मिळतो. त्यात तुझी ओळखच अर्धा तास चालली तर मुलं बोलणार कधी? दहा मिनिटांत आटप. चार-पाच मोठे फोटो घे आणि प्रत्येकावर एक खरं किंवा खोटं वाक्य सांग. मुलांनी शेजाऱ्याशी ठरवून हात वर करायचे.

'काही प्रश्न आहेत का?' असं विचारलंस की वर्ग चिडीचूप होतो. मुलांना येत नाही असं नसतं. सगळ्यांदेखत चुकण्याची भीती असते, आणि एप्रिलमध्ये शेजारी बसलेलं मूलही नवं असतं. म्हणून वाक्य आधी सगळ्यांनी मिळून म्हणायचं, मग जोडीने एक मिनिट, मग एका रांगेने, आणि एकट्याने म्हणायची पाळी फक्त हात वर करणाऱ्यावर. प्रश्न विचारल्यावर मनात सातपर्यंत मोज. ती शांतता मोडून स्वतःच उत्तर देऊन टाकलंस, तर तू उत्तर देणारच हे मुलं दोन तासांत ओळखतील. माझ्या मते पहिल्या महिन्याचं सगळं यश यातच आहे: प्रत्येक मुलाच्या तोंडून एक वाक्य न घाबरता निघावं. बाकी व्याकरण वर्गशिक्षकांबरोबर वर्षभर होतंच.

उच्चारात त्यांची अडचण वेगळी, आपली वेगळी. जपानीत 'न्'सारखा अनुनासिक सोडला तर शब्द व्यंजनावर संपत नाही, म्हणून 'कॅट'चं 'क्यात्तो' होतं. समजावत बसू नकोस, टाळी वापर: 'कॅट'ला एकच टाळी, 'टायगर'ला दोन. शेवटी जास्तीचा स्वर आला की टाळी जास्त पडते आणि मुलांना आपली आपणच चूक कळते. आपलं म्हणशील तर मराठी 'प'मध्ये हवा कमी असते. दोन बोटं रुंदीची कागदाची पट्टी ओठांपुढे चार बोटांवर धर आणि 'पेन' म्हण. आपल्या सवयीने म्हटलंस तर पट्टी ढिम्म हलणार नाही. ती फडफडेपर्यंत हवा सोड. हाच खेळ वर्गातही घे, मुलांना फार आवडतो. 'व्हेरी' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकव आणि 'वेट'ला ओठ गोल कर. मराठी बोलताना ओठांचा एवढा फरक करावा लागत नाही, पण तिथे मुलं तुझ्या तोंडाकडे बघून शिकणार आहेत.

चेरीचा बहर बघशीलच, पण त्याच दिवसांत परागकणांचा त्रास असतो. युद्धानंतर जपानने डोंगरच्या डोंगर सुगी आणि हिनोकी या झाडांनी भरून काढले. सुगीचे पराग फेब्रुवारी-मार्चमध्ये उडतात, हिनोकीचे एप्रिलअखेरपर्यंत. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर सुगी थोडी, तिथे बर्च झाडाच्या परागांचा त्रास एप्रिलअखेरीस सुरू होतो. लोकरी कोटाला पराग चिकटून राहतात, म्हणून गुळगुळीत कापडाचा घे, दाराबाहेरच झटक आणि कपडे घरात वाळव. नाक वाहू लागलं तर औषध लगेच सुरू कर, मास्कवर भागवू नकोस.

जेवणाचं आधी सांगून ठेव. दुपारचं जेवण मुलं वर्गातच वाढतात आणि तुलाही त्यांच्याबरोबर बसावं लागेल. तू मासे खात नाहीस, आणि सूप भाज्यांचं दिसलं तरी त्यात बहुधा माशाचा अर्क असतो. महिन्याचा जेवणाचा तक्ता मिळतो, तो एखाद्या सहकाऱ्याकडून वाचून घे. जमत नसेल तर शाळेचं जेवण सुरूच करू नकोस, डबा ने. पैसे महिन्याचे आकारतात, मध्येच बंद करणं सगळ्यांना जड जातं.

२९ एप्रिल आणि ३, ४, ५ मे या सुट्ट्या आहेत, मधले दिवस शाळा भरते. गाड्या आणि हॉटेलं तेव्हा भरलेली असतात, कुठे जायचं असेल तर आत्ताच आरक्षण कर. सुट्टीनंतर मुलं मरगळलेली असतात आणि शिकवलेलं बरंचसं विसरलेली. त्या आठवड्यात नवा धडा घेऊ नकोस, एप्रिलमधलीच वाक्यं नव्या खेळातून फिरव.

तुझी,
आई