दुसरा रिपोर्ट आला

स्टुटगार्ट, १४ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बी काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस बीचा, दुसरा रिपोर्ट काल आला. निगेटिव्ह. आई, एवढं बाबांना मोठ्यानं वाचून दाखव, मग पुढचं वाच.

'बाहेरचं खातेस का गं?' असं तू तीनदा विचारलंस. बी कावीळ खाण्यातून होत नाही, रक्तातून होते, आणि मला ती झालेलीच नव्हती. रुजू होताना सोमवारी लशीचा बूस्टर दिला आणि गुरुवारी रक्त घेतलं. लशीत विषाणू नसतो, नुसतं त्याच्या वरच्या आवरणाचं प्रथिन असतं. टेस्ट नेमकं तेच शोधते. बाबा, चादर दिसली म्हणून खाली माणूस झोपलाय असं धरलं, तसं झालं. लस घेतल्यावर १८ दिवसांपर्यंत असं होऊ शकतं. आता पाच आठवड्यांनी ते प्रथिन नाही, आणि खऱ्या लागणीत सापडतात त्या अँटी-एचबीसी अँटिबॉडीजही नाहीत. मी नर्स, मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण 'पॉझिटिव्ह' वाचलं आणि डॉक्टरांच्या आधी तुम्हालाच फोन लावला. तुमची झोप उडवली, ते अजून डाचतंय.

थंडीची काळजी नको. इथं मात्र एक अजब आहे. बाहेर उणे चार असलं तरी सकाळ-संध्याकाळ हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, मग बंद. नुसती फट ठेवायची नाही, भिंती गार पडतात. आतली दमट हवा गेली नाही तर कोपऱ्यांत बुरशी धरते. घरभाड्याच्या करारातसुद्धा लिहिलंय! मी स्वेटर, शाल, कानटोपी घालून उभी राहते. म्हणून त्या दिवशी फोनवर नाक चोंदलेलं वाटलं. आजारी नव्हते.

चाळीस हजार पाठवलेत. आधी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सोसायटीचा हप्ता मागाहून.

बार्शीच्या लोकांना मामानं पहिल्या रिपोर्टचं सांगितलं, त्याच्यावर रागावू नका. दोन्ही रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवा, लपवू नका. तरी मन कचरत असेल तर ते स्थळ राहू दे. आई, यात तुझी मान खाली जाण्यासारखं काही नाही.

सहा महिने झाल्याशिवाय पूर्ण रजा मिळत नाही, त्यामुळे गड्ड्याच्या जत्रेला येणं जमत नाही. नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की व्हिडिओ कॉल लाव, मी रात्रपाळीहून येऊन जागी राहीन. शेंगा चटणी संपत आली, पण एवढ्यात पाठवू नकोस, पोस्टाचा खर्च फार होतो.

तुमची,
राणी