कोड्याचे उत्तर बरोबर, कारण चुकीचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील कोड्यांच्या सदरात सहा बिंदूंचे प्रसिद्ध कोडे आले होते : सहा बिंदूंना परस्परांशी जोडणाऱ्या पंधराही रेषा लाल किंवा निळ्या रंगवल्या, तर तिन्ही बाजू एकाच रंगाच्या असलेला त्रिकोण टाळता येईल का? ‘टाळता येणार नाही’ हे उत्तर बरोबर आहे. मात्र नाणेफेकीने रंग ठरवल्यास अशा एकरंगी त्रिकोणांची सरासरी ५ येते, म्हणून निदान एक तरी असलाच पाहिजे, हे सदरात दिलेले कारण टिकणारे नाही.

सरासरीचा आकडा खरा आहे. सहा बिंदूंतून २० त्रिकोण होतात आणि प्रत्येक त्रिकोण एकरंगी निघण्याची शक्यता १/४ असते. हे त्रिकोण परस्परांपासून स्वतंत्र नाहीत, ही शंका कोणी घेतली तर ती रास्तच आहे. चार बिंदूंवरील चार त्रिकोणांपैकी तीन एकरंगी निघाले, तर चौथाही आपोआप एकरंगी ठरतो. परंतु सरासऱ्यांची बेरीज करण्यासाठी स्वातंत्र्याची अट लागतच नाही, आणि वर्गात नेमका हाच मुद्दा घाईने उरकला जातो.

चूक पुढच्या पायरीत आहे. पाच बिंदू घेतल्यास त्रिकोण १० आणि सरासरी २.५ येते. तरीही पंचकोनाच्या पाचही बाजू लाल आणि पाचही कर्ण निळे केले, तर एकही एकरंगी त्रिकोण उरत नाही. एकूण १०२४ रंगवण्यांपैकी अशा अवघ्या १२ असल्याने संगणकावर शंभरदा रंग उधळून पाहणाऱ्याला त्यांतली एखाद-दुसरीच दिसेल. पण अशक्य आणि दुर्मीळ यांत गणिताला फरक करावाच लागतो. सहा बिंदूंचे खरे कारण वेगळेच आहे : कोणत्याही बिंदूतून निघणाऱ्या पाच रेषांपैकी किमान तीन एका रंगाच्या असतात, समजा लाल, त्यांच्या टोकांना जोडणाऱ्या तीन रेषांपैकी एक जरी लाल असली तरी लाल त्रिकोण पुरा होतो, आणि एकही नसली तर त्या तिघींचाच निळा त्रिकोण होतो.

सरासरीतून खात्रीचा निष्कर्ष निघतो तो उलट बाजूने. एकरंगी आकृत्यांची संख्या पूर्णांकच असणार, म्हणून सरासरी १ पेक्षा कमी आली की एकही एकरंगी आकृती नसलेली रंगवणी अस्तित्वात असलीच पाहिजे, मग ती कोणाला काढून दाखवता येवो वा न येवो. हंगेरियन गणितज्ञ पॉल एर्डोश यांनी १९४७ मध्ये हाच युक्तिवाद वापरला. त्रिकोणाऐवजी सर्व सहा रेषा एकाच रंगाच्या असलेली चौकडी टाळायची असेल, तर सहा बिंदूंवर सरासरी १५/३२ येते, म्हणजे ती टाळता येते. सतरा बिंदूंवर मात्र सरासरी ७४ च्या वर जाते आणि तरीही चौकडी टाळता येते : बिंदू वर्तुळावर समान अंतराने मांडून परस्परांपासून १, २, ४ किंवा ८ घरे दूर असलेले बिंदू लाल रेषेने आणि उरलेले निळ्या रेषेने जोडावेत. अठरा बिंदूंवर ते अशक्य असल्याचे ग्रीनवूड आणि ग्लीसन या गणितज्ञांनी १९५५ मध्ये सिद्ध केले.

दुरुस्ती छापताना सतरा बिंदूंची ही आकृतीही द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा