सागरगडाची वाट दाखवा, पण रुंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये खांदेरी किल्ला जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून आमच्याकडे येणारे पाहुणे थळच्या किनाऱ्यावर उभे राहून विचारतात, 'यातला खांदेरी कुठला?' मी आता त्यांना अलिबागजवळच्या सागरगड या डोंगरी किल्ल्यावरच घेऊन जातो, तिथून सगळे नीट दिसते.

पेण-अलिबाग रस्त्यावर अलिबागच्या थोडे अलीकडे खंडाळे गाव लागते. तिथून चालायला सुरुवात होते. पावसाळ्यात धोंडाण्याच्या धबधब्यापर्यंत चिक्कार गर्दी असते, पण सिद्धेश्वराच्या देवळापुढे चढ सुरू झाला की माणसे विरळ होतात. मागच्या ऑक्टोबरअखेरीस अकरा वर्षांच्या भाचीला घेऊन गेलो, तर गडाखालच्या माचीवरची वस्ती सोडल्यावर परतेपर्यंत आम्हाला एकही माणूस भेटला नाही. वाळू लागलेले गवत, वारा आणि समोर समुद्र. कुलाबा, खांदेरी आणि उंदेरी असे तिन्ही जलदुर्ग तिने बोट दाखवून स्वतः ओळखले. मागे वळले की धरमतरची खाडी. किनारा आणि खाडी या दोन्हींवर नजर ठेवायला हा डोंगर का हवा होता, हे तिथे उभे राहिल्यावर सांगावे लागत नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना जे २३ किल्ले द्यावे लागले, त्यांत हा गड होता.

उतरताना मात्र आम्ही चुकलो. ढोरवाटांच्या जाळ्यात पाऊण तास फिरलो, पाणी संपले, पोरगी रडकुंडीला आली. शेवटी माचीवरच्या एका मावशींनी तांब्याभर पाणी दिले आणि पार उतारापर्यंत सोबत आल्या. म्हणाल्या, "दर रविवारी कोणतरी चुकतंच. वरची वाट सोडायची नाय." पैसे पुढे केले तर त्यांनी हात मागे घेतला.

खांदेरीमुळे आता आसपासच्या किल्ल्यांकडेही लक्ष जाईल आणि 'विकासा'चे आराखडे निघतील, अशी मला धास्ती वाटते. माझी हात जोडून विनंती आहे की सागरगडावर रस्ता, पेव्हर ब्लॉक, सेल्फी पॉइंट यांतले काहीही नको. फाट्याफाट्यांवर दगडावर चुन्याचे बाण काढावेत. माथ्यावर एक साधी पाटी लावावी, समोरचा कुठला जलदुर्ग कोणता एवढे सांगणारी. गडावरच्या पाण्यात आम्हाला प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसल्या. त्या काढायचे आणि गाळ उपसायचे काम माचीच्या लोकांना रोजंदारीने द्यावे. वाटाड्या म्हणूनही त्यांनाच नेमावे, कारण ही वाट त्यांच्या रोजच्या पायाखालची आहे.

जाणाऱ्यांनी पुरेसे पाणी घ्यावे, सकाळी लवकर निघावे आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून खाली आणावा.

आपला,
एक वाचक, अलिबाग