बाह्या दुमडून

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय. आई, त्या रात्री माझी बाही वर सरकली, मीच स्वतःला केलेल्या जखमा दिसल्या आणि तू विचारलंस, "तुला मरायचं होतं का गं?" मी गप्प बसले होते. उत्तर आज देते. नाही. आतला कल्लोळ थांबावा, एवढंच हवं होतं. घटकाभर तो थांबायचाही. मग लाज वाटायची, लाजेने जीव पुन्हा कोंडायचा आणि हात परत तिकडेच वळायचा. आपलं काय चुकलं, हा हिशेब तुम्ही दोघं मांडत बसता हे मला कळतं. तो आता मिटवा.

तू तुझ्या गळ्याची शपथ घातलीस. मी ती मनापासून घेतली आणि बारा दिवसांत मोडली. मग जखमेसोबत मोडलेली शपथही लपवावी लागली. माझी माया कमी पडली असं नाही गं. पण तुमच्यासाठी थांबायचं म्हटलं, तर घसरले की मी तुमची गुन्हेगार व्हायचे, आणि तसं वाटलं की नेमकं तेच करायचे.

थांबण्याचं माझं स्वतःचं कारण मला मातीत सापडलं. मातीकामाच्या वर्गात चाकावर बसताना बाह्या कोपरापर्यंत दुमडाव्या लागतात, नाहीतर त्या चिखलात भिजतात. मी दुमडल्या नाहीत. थंडी वाजते म्हणाले आणि पुढच्या आठवड्यापासून जाणंच सोडलं. पण हात विसरेनात. डगमगणारा गोळा दोन्ही तळव्यांत धरून ठेवला की एका क्षणी तो एकदम स्थिर होऊन फिरायला लागतो. तो क्षण मला परत हवा होता. मला, माझ्यासाठी. समुपदेशक ताईंना हे सांगताना संकोच वाटला, एवढंसं कारण! त्या म्हणाल्या, "पुरेसं आहे. इथूनच सुरू करू."

ताई शिकवतात ती डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धती, मार्शा लिनेहन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी घडवली. तरुणपणी त्या स्वतःच स्वतःला इजा करत होत्या, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. ते ऐकलं त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले. बरं वाटून रडले.

स्वतःला इजा करायची ऊर्मी लाटेसारखी चढते आणि काही न करताही ओसरते, यावर माझा विश्वास नव्हता. म्हणून वहीत वेळ लिहायला लागले. सुरू ९.४०, ओसरली १०.०५. मधल्या वेळात गार पाण्यात चेहरा बुडवते, त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. मग मैत्रिणीला फोन. कधी पंचवीस मिनिटं लागतात, कधी तासही. सात महिने नीट गेले आणि गेल्या महिन्यात एकदा हात घसरला. तेही लपवत नाही. दुसऱ्याच दिवशी ताईंना सांगितलं आणि त्या आठवड्यात वर्गालाही गेले.

बाबा, तुम्ही कपाटाला कुलूप लावलंत, ते काळजीपोटीच. त्या दिवसांत त्याचा उपयोगही झाला. आता मात्र माझ्या मनगटाकडे चोरून बघू नका. सरळ विचारा, "आज कसं वाटतंय?" वाईट वाटत असेल तर मी तसं सांगेन. लगेच उपाय सुचवू नका, नुसते बसा जवळ.

रविवारी येतेय. मी केलेला वाडगा आणतेय, काठ जरा वाकडा झालाय. अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून येईन. आई, व्रण दिसले की तुला भरून येईल. येऊ दे. फक्त नजर वळवू नकोस.

तुमची,
धाकटी