ओटीपी सांगितला म्हणजे संमती दिली?

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्याच आधारवर आता सही न करता, बँकेची पायरी न चढता खातं निघतं. त्याला माझा विरोध नाही. सहीचं कौतुकही मला नाही. बँकेतले साहेब पेन्सिलीने फुल्या मारून देत आणि लोक फुली दिसेल तिथे सही किंवा अंगठा करत. पण निदान कशावर तरी आपण काही केलं, एवढं तरी माणसाला कळायचं.

आता धडगावला बाजाराच्या दिवशी एखाद्या सेवा केंद्रात उभं राहून बघा. स्क्रीनचं तोंड केंद्रातल्या पोराकडे. पलीकडे उभ्या बाईने पिशवीतून आधार कार्ड काढून दिलेलं. "मावशी, मोबाइलवर नंबर आला असेल, सांगा." मावशी मोबाइलच त्याच्या हातात देते. तो सहा आकडे स्वतःच वाचतो, स्वतःच टाकतो. इंग्रजी मजकुराखालच्या चौकोनात बरोबरची खूण करणाराही तोच. बँकेच्या नोंदीत मात्र जातं की ग्राहकाने अटी वाचल्या आणि मान्य केल्या. पोरगा लबाड असतो असं नाही; मागे रांग असते.

नुसतं एक खातं जास्तीचं निघालं असतं तर कोणी ओरड केली नसती. पण त्याच खुणेत आधार जोडणीची परवानगीही गेली, तर सरकारी अनुदान शेवटी जोडलेल्या खात्यात वळतं. मग गॅसची सबसिडी किंवा लाडक्या बहिणीचे पैसे जुन्या पासबुकात दिसत नाहीत आणि बाई शाखेच्या चकरा मारत राहते. हे कल्पनेतलं नाही. एअरटेल पेमेंट्स बँकेने ग्राहकांच्या स्पष्ट संमतीविना खाती उघडल्याचं प्रकरण २०१७ मध्ये गाजलं, गॅसची सबसिडी त्या खात्यांत वळल्याचं बाहेर आलं आणि मार्च २०१८ मध्ये आपल्याच बँकेने तिला पाच कोटींचा दंड केला.

समोरासमोर न भेटता केवळ ओटीपीवर उघडलेल्या खात्यात एक लाखापेक्षा जास्त शिल्लक नको, वर्षभरात दोन लाखांपेक्षा जास्त जमा नको आणि एका वर्षात पूर्ण ओळख पटवा, हे आपलेच नियम आहेत. म्हणजे ओटीपीचा भरवसा किती धरायचा हे आपल्याला ठाऊक आहे. मग ओळख पटवायला जो अपुरा, तो संमतीचा पुरावा म्हणून पुरेसा कसा? मोबाइल कोणाच्या तरी हातात होता, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आपल्याकडे मागणं एवढंच. खातं उघडण्याची, आधार जोडण्याची आणि विम्याचा हप्ता कापण्याची संमती एका खुणेत घेऊ देऊ नका. तिन्ही वेगळ्या विचारल्या जाव्यात आणि खूण आधीच केलेली नसावी. ओटीपीच्या मेसेजमध्येच मराठीत लिहिलेलं असावं की हा आकडा सांगितल्यास अमुक बँकेत तुमचं खातं उघडेल. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने आठव्या अनुसूचीतल्या भाषांचा पर्याय द्यायला सांगितलंच आहे. आमची अहिराणी आणि सातपुड्यातली पावरी त्या यादीत नाही, पण मराठी आहे. निदान तिथून सुरुवात होऊ द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना फोन करून बोलीत विचारावं आणि ते रेकॉर्डिंग जपावं. आणि ग्राहकाने "मी हो म्हटलंच नव्हतं" अशी तक्रार केली, तर हो म्हटल्याचं सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर टाका. तोवर अनुदान जुन्याच खात्यात जात राहावं.

आपले तपासनीस बँकांच्या नोंदी तपासतात. त्या नोंदीत सगळीकडे "मान्य" असंच सापडेल. अशा शंभर नोंदींमधल्या दहा ग्राहकांना तरी त्यांनी गावात जाऊन विचारावं, की बाई, हे खातं तुम्ही उघडलंत का?

आपला,
धुळे जिल्ह्यातला एक खातेदार