राखेच्या बुधवारी आठवलेली माणसं

बुधवारी, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, चर्चमध्ये कपाळावर राख लागली. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधल्या रविवारच्या) फांद्या जाळून ती करतात. त्या फांद्या हातात धरल्या तेव्हा आई होती, नोकरी होती. वर्षभरात दोन्ही गेलं, घरही सुटलं.

रविवार सोडून 40 दिवसांचा हा उपवासकाळ. यंदा मी ‘माझं मी बघेन’ हा हेकाही सोडतेय, कारण तुम्ही नसता तर मला काहीच निभावलं नसतं. हॉस्पिटलच्या जिन्यात शेजारी येऊन नुसत्या बसून राहिलेल्या ताई (तुम्ही काही बोलला नाहीत, फार बरं वाटलं). सामान हलवताना आईचा क्रूस रुमालात गुंडाळून वेगळा हातात देणारे दादा. अंत्यविधीनंतर खुर्च्या आवरून न सांगता गेलेली मुलं. नावं विचारायची राहिलीच. रोज रात्री तुमच्यासाठी प्रार्थना करते. मनापासून आभार.